पहिला ठोसा मास्तरांना

माझ्या नवऱ्याचं नाक कितीदा मोडलं ते मला विचारू नका. शेवटी शेवटी ते नाक राहिलंच नाही, चेहऱ्याच्या मधोमध कुणीतरी बटाटा आणून ठेवलाय असं वाटतं. आणि ज्यानं ज्यानं ते मोडलं त्याला या माणसानं पाणी पाजलं, पाठीवर थाप मारली, फळ्यासमोर बसवलं आणि सूर्यमाला कशी तयार झाली ते शिकवलं. असल्या माणसाशी मी संसार केला! कुणाला खरं वाटत नाही, पण आमच्या ठोसे मारायच्या बॅगा आणि ग्लोव्हज अजून माझ्या टाक्यांवर टिकून आहेत, येऊन बघा.

सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणते. आधी ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी बॉक्सिंग खेळायचे. शाळा बंद पडली तेव्हा इतर शिक्षकांनी कुणी पंखे नेले, कुणी कपाटं नेली. आमच्या शहाण्यानं एक फळा, एक डस्टर आणि काच तडकलेला एक मायक्रोस्कोप घरी आणला. मग एका बंद पडलेल्या धुलाई कारखान्यात जागा घेतली. पावडरीचा वास भिंतीत इतका मुरला होता की रक्त सांडलं तरी हॉलमध्ये धुतलेल्या चादरींचाच वास यायचा. मध्ये रिंग बांधली, एका बाजूला फळा टांगला, फळ्याखाली बाकं टाकली आणि खिडकीपाशी माझं शिवणाचं मशीन मांडलं. मी पूर्वी गाड्यांच्या सीटा शिवायची. जाड सुई, मेण लावलेला दोरा, चामडं, सगळं हाताखालचं. फाटलेले ग्लोव्हज आणि उसवलेल्या बॅगा माझ्याकडे. पोरं तोंडावर काकू म्हणायची आणि पाठीमागे टाचणी. मला माहीत होतं. मीही कुणाला सोडत नव्हते.

आमच्याकडे यायची ती काही तब्येत कमवायला आलेली मंडळी नव्हती. कुणाला बापानं पट्ट्यानं झोडलेलं, कुणी कालच कोठडीतून सुटलेलं, कुणी भर बाजारात कुणाच्या तरी डोक्यात बाटली फोडून आलेलं. शाळेनं हाकललेली, घरानं सोडलेली. मास्तरांचा नियम होता, आधी फळा, मग ग्लोव्हज. आणि त्याच्याही आधी एक नियम, जो ऐकून मी पहिल्या दिवशीच कपाळाला हात लावला. नव्यानं यायचं, रिंगमध्ये चढायचं आणि पहिला ठोसा मास्तरांना मारायचा. मास्तर स्वतःच्या हातानं त्याच्या ग्लोव्हजच्या दोऱ्या बांधणार, मग स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेणार आणि म्हणणार, "मार."

"कुठं?" पोरगं विचारायचं.

"तुला वाटेल तिथं. पण एकच."

पोरांना काय, तोंडच दिसायचं. धाडकन आवाज यायचा, मास्तर दोरांवर जाऊन आदळायचे, कधी गुडघ्यावर बसायचे, आणि मी मशीन थांबवून शिव्या द्यायला सुरुवात करायची. "अहो, तुमचं डोकं म्हणजे काय दारावरची बेल आहे, येईल त्यानं दाबावी?"

"अगं, पोटात राग घेऊन बसलेल्या पोराला पेशी शिकवता येत नाही," ते रुमालात रक्त थुंकत म्हणायचे. "आधी तो बाहेर येऊ दे. मग आत काहीतरी शिरेल." दिवसाला एकच नवा घ्यायचा, हाही त्यांचाच नियम होता. एकदा एकाच दुपारी दोघे आले आणि दुसऱ्याच्या ठोशानंतर मास्तरांना फळा कुठल्या भिंतीवर आहे तेच कळेना. त्या दिवसापासून एक म्हणजे एक.

ठोसा झाला की धडा. डस्टर फळ्यावर आपटायचं. खिडकीतल्या उन्हात खडूची धूळ उठायची आणि रक्ताळलेल्या तोंडानं मास्तर सुरू व्हायचे. "सूर्य कोवळा होता तेव्हा त्याच्याभोवती हेच होतं. वायू आणि धूळ. गरगर फिरत होती. एक कण दुसऱ्याला टेकला आणि चिकटला. पलंगाखाली धुळीचे आणि केसांचे गोळे होतात ना, तसे. मग खडे झाले, धोंडे झाले, मग डोंगराएवढे गोळे झाले. एवढे मोठे झाल्यावर ते एकमेकांना ओढायला लागले, आणि मग जी मारामारी जुंपली, काय विचारता!"

इथं आल्यावर त्यांचे डोळे चमकायचे. हवेत ठोसे मारत ते सांगायचे, "पृथ्वीनं इतका मार खाल्ला की वितळली! पार लाल रस्सा झाला तिचा. लोखंड जड, ते बुडत बुडत मध्यभागी जाऊन बसलं. मग मंगळाएवढा एक गोळा आला आणि असा कानशिलात बसला की तुकडे उडाले. त्या तुकड्यांचा चंद्र झाला, असं शास्त्रज्ञ मानतात. आणि ती बघा, अजून फिरतेय. मार खाऊनच घडली."

"पृथ्वीला बायको नव्हती," मी मशीनवरून म्हणायची. बाकं हसायची. मास्तरही हसायचे, सुजलेल्या ओठानं, आणि मला अजूनच राग यायचा.

एकदा ठिणगीनं विचारलं, "पण मास्तर, आदळलेलं सगळं चिकटतं का?"

ठिणगी वेल्डिंगच्या दुकानात काम करायची, म्हणून ठिणगी. मास्तरांचं नाक पहिल्यांदा आडवं केलं ते तिनंच. डोळे मिटून मारला होता तिनं ठोसा, आणि मग मास्तरांपेक्षा तीच मोठ्यानं किंचाळली.

"चांगला प्रश्न," मास्तर म्हणाले. "नाही चिकटत. हळू आलेलं चिकटतं. भलत्या वेगानं आलं तर दोन्ही फुटतात, भुगा होतो." हे त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली, सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावलं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि स्वतःच्याच कानात शिरलं नाही. सगळ्यांना फुटण्याचा धडा देणाऱ्या माणसाला आपण धोंडा आहोत असं वाटत होतं, डोकं आहे असं वाटतच नव्हतं!

ठिणगी आमच्याकडे येते हे तिच्या भावाला खपत नव्हतं. एके दिवशी तो लोखंडी गज घेऊन आत घुसला. पहिल्या फटक्यात त्यानं फळ्याची चौकट तोडली, दुसरा ठिणगीच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी मशीन चालू असताना ऐकला. तिसरा फटका तिच्या डोक्यावर यायचा, तेवढ्यात मास्तर मध्ये गेले आणि तो गज त्यांनी कपाळावर घेतला. कपाळ फाटलं. आणि त्या रक्तातच त्यांनी त्या भावाला अशी एक डावी मारली की तो बॅगेखाली जाऊन पडला आणि त्याचे दोन दात माझ्या मशीनच्या पायपट्टीवर सापडले. मी मास्तरांचं कपाळ दाबून धरलं. टाके मीच घालणार होते, सुई होतीच, पण ठिणगी म्हणाली, "काकू, तो सीटा शिवायचा दोरा आहे!" मग दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर. "कालचा मार वाया कशाला घालवायचा," म्हणाले आणि पट्टीखालचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. रांगेनं सगळ्यांना बघायला लावलं. त्या लाल पेशी, प्राणवायू वाहणाऱ्या. त्या मधल्या पांढऱ्या, बाहेरून आलेल्याला गिळून टाकणाऱ्या. मग पेशीच्या आत काय काय असतं ते. केंद्रक, म्हणजे कारभारी. तंतुकणिका, म्हणजे भट्टी. आणि लयकारिका, म्हणजे पाचक रसाच्या पिशव्या, ज्या फुटल्या तर पेशी स्वतःलाच खाते. पोरांना लयकारिका फार आवडायच्या. मग मास्तर स्वतःच्या कपाळाला बोट लावून सांगायचे, "ही कातडी जुळणार. पेशी दुभंगतात, एकीच्या दोन होतात, भोक बुजतं. हाडही जुळतं, ठिणगीचं जुळेल. पण मेंदूतल्या चेतापेशी? त्या बहुतेक नव्या होत नाहीत. मेली की गेली. म्हणून काय करायचं?"

"हात वर, हनुवटी खाली!" सगळं बाक ओरडायचं.

आणि पुढच्या नव्यासमोर हा माणूस पुन्हा हात पाठीमागे बांधून उभा! मी काय डोकं फोडून घ्यायचं होतं का? भांडले, अबोला धरला, एकदा माहेरी जाऊन बसले. ते मला न्यायला आले तेव्हा एक डोळा काळानिळा होता. मी गुपचूप चपला घातल्या.

मग हळूहळू गोष्टी घसरायला लागल्या. डस्टर चहाच्या किटलीत सापडलं. घरची वाट चुकून ते पाडलेल्या शाळेच्या मैदानात जाऊन उभे राहिले. शिकवताना ग्रह आणि पेशी एकमेकांत घुसायला लागले. "पृथ्वीच्या केंद्रकात लोखंड असतं," म्हणाले, आणि मग, "दोन पेशी आदळल्या की चंद्र होतो." पोरं हसली, त्यांना वाटलं मास्तर चेष्टा करताहेत. ठिणगी हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली सुई बोटात गेली होती.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि सरळच सांगितलं. आतमध्ये जुन्या माराचे डाग आहेत, ते वाढत जाणार, औषध नाही. "आणि बाई, एक लक्षात ठेवा. आता डोक्यावर एक जरी जोराचा फटका बसला तर हे उठणार नाहीत." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "कुणी मारलं तुला? नाव सांग."

ठिणगी तोवर मोठी झाली होती, पोरांना तीच शिकवायची. तिनं दारावर पाटी लावली, नवीन प्रवेश बंद. आम्हाला वाटलं, संपला विषय. कसला संपतोय! मास्तर रोज रिंगमध्ये चढायचे, हात पाठीमागे घ्यायचे आणि वाट बघायचे. "आज नवा कोण?" कुणीच नाही म्हटलं की ते पिसाळायचे. पहिला ठोसा झाल्याशिवाय धडा सुरू होत नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. ते बाक उचलून फेकायचे. शेवटी रिंगच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर स्वतःचंच डोकं आपटायला लागले. मी त्या खांबाला जाड फोम गुंडाळून वरून चामडं शिवलं, तर त्यांनी ते नखांनी फाडलं.

एका सकाळी त्यांना वाटलं मी फळा चोरायला आलेय. मी फळा पुसत होते. त्यांनी मागून माझा गळा धरला आणि मला मशीनवर दाबलं. त्या हातांची ताकद तशीच होती. मला बोलता येईना, डोळ्यांपुढे अंधार यायला लागला, आणि त्यांचा जो चेहरा झाला होता तो मी कधीच पाहिला नव्हता. ठिणगीनं त्यांची बोटं एकेक करून उलगडली. करंगळी मोडली तेव्हा कुठं सुटले. मग माझ्या गळ्यावरचे वळ बघून स्वतःच म्हणाले, "हे कुणी केलं? त्याला माझ्याकडे आण." त्या दिवशी मला ते मरावेत असं वाटलं. खरंच वाटलं. आणि तासाभरात त्यांच्या करंगळीला फडकं बांधताना मी देवाला म्हणत होते, याला एवढ्यात नेऊ नकोस.

अशात एक हमाल आला. मालधक्क्यावर पोती उचलणारा, दारातून तिरका होऊन आत आला एवढा रुंद. पाटी बघितलीच नाही त्यानं. मुकादमानं त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती आणि इथं एक म्हातारा फुकटात मारू देतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. हाताच्या मुठी वळलेल्या, डोळे लाल.

"नवा!" मास्तर ओरडले. इतके आनंदले की काय सांगू. धावत जाऊन सगळ्यांत मोठे ग्लोव्हज घेतले आणि त्याच्या हातावर चढवायला लागले. मोडक्या करंगळीनं गाठ मात्र झकास मारली.

"मास्तर, नाही!" ठिणगी दोरांतून आत घुसली. मास्तरांनी मागे न बघता कोपर मारलं. तिचा ओठ फाटला, ती खाली बसली. हमाल गोंधळला, पण त्याचा हात वर गेलेलाच होता, आणि मास्तर हनुवटी पुढं काढून म्हणत होते, "मार. तुला वाटेल तिथं."

मी मशीनवर होते. हातात एका लहान पोराचा ग्लोव्ह होता, नुकताच कापूस भरलेला, तोंड अजून शिवायचं राहिलेलं. तसाच हातात घातला आणि दोर उचलून आत शिरले. साडी अडकली, फाटली, फाटू दे.

"थांबा!" मी अशी ओरडले की हमालसुद्धा दचकला. "नंबर माझा आहे. मी आधीची आहे."

"तू?" मास्तरांनी मान वळवली. "तू नवी कशी?"

"मी तुम्हाला कधी मारलंय?"

त्यांनी विचार केला. खूप वेळ केला. आयुष्यभराच्या भांडणांत शोधत होते बहुतेक. नियमाच्या बाबतीत माणूस सरळ, खोटं बोलणार नाही. "नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

"मग मी नवी. आणि दिवसाला नवे किती?"

"एक."

"नियम कुणाचा?"

"माझा," मास्तर म्हणाले, जरा ऐटीतच.

"काकू, मग मारा की लवकर," हमाल म्हणाला. "मला कामावर जायचंय."

मास्तरांनी हात पाठीमागे घेतले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि खरं सांगू? माझ्या हातात ग्लोव्हभर राग भरला होता. इतकी वर्षं मी ते रक्त पुसत होते. त्या गळ्यावरच्या बोटांचा राग, त्या खांबाचा, माहेराहून परत आल्याचा राग. एकदा, एकदाच हाणावा असं वाटलं. बटाट्यासारखं ते नाक समोर होतं. आणि मग मला ती फळ्यावरची ओळ आठवली, खाली रेघ मारलेली. मी हात पुढं नेला, हळू, अगदी हळू, आणि कापसाचा ग्लोव्ह त्यांच्या गालाला टेकवला.

ते वाट बघत राहिले. "झालं?"

"झालं."

"बरं. बस मग फळ्यासमोर."

मी बसले. माझ्याशेजारी हमाल बसला, बाक करकरलं. पलीकडे ठिणगी, ओठाला रुमाल लावून. मास्तरांनी डस्टर आपटलं, धूळ उठली. इतकी वर्षं मी हा धडा पाठीमागून ऐकला होता, समोरून पहिल्यांदाच ऐकत होते. सूर्य कोवळा होता तेव्हा. वायू आणि धूळ. धडा संपल्यावर हमालानं बॅगेवर अशी काही झोड घेतली की शिवण उसवून सगळ्या हॉलभर चिंध्या झाल्या. मला रात्री बसून शिवावी लागली. मेला रोज येतो आता.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा रिंगमध्ये. "आज नवा कोण?" मी म्हणाले, "मी." "तू नवी कशी?" "मी तुम्हाला कधी मारलंय?" पुन्हा तोच विचार, पुन्हा तेच नाही. कालचं त्यांना आठवत नव्हतं. देवाचे आभार मानावे की त्याच्या नावानं खडे फोडावे, मला कळेना. पण त्यांनी खांबावर डोकं आपटायचं सोडलं. रोज टेकवायचं, रोज बाकावर बसायचं, रोज पृथ्वी वितळायची. तो लहान ग्लोव्ह मी मुद्दाम शिवला नाही, मऊ राहावा म्हणून.

काल मी हॉलमध्ये गेले तेव्हा ते आधीच रिंगमध्ये उभे होते. मी दोर उचलला, वाकून आत शिरले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तोंडावर ओळखीची रेघ नाही. मग अदबीनं बाजूला सरकले आणि म्हणाले, "या बाई. तुम्ही नवीन दिसता."

मी तुम्हाला कधी मारलंय, हे विचारायचं कारणच उरलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"घाबरू नका," ते म्हणाले आणि हात पाठीमागे घेतले. "मारा. तुम्हाला वाटेल तिथं."

मी मारलं. म्हणजे टेकवलं. त्यांनी पाठीमागचा एक हात सोडला आणि माझा ग्लोव्ह गालावर तसाच धरून ठेवला. मोडकी करंगळी वेडीवाकडी जुळलीय, ती माझ्या मनगटाला लागत होती.

"हळू मारता," ते म्हणाले. "बरं आहे. हळू आलेलं चिकटतं." मग विचारलं, "उद्या याल ना?"

मी हात काढून घेतला नाही. म्हटलं, "येते की. जाते कुठं?"